८० मीटरांचे मिनिट

तोक्योतल्या भाड्याच्या घराची जाहिरात स्टेशनच्या नावाने सुरू होते आणि लगेच पुढे एक आकडा येतो: चालत ७ मिनिटे. या मिनिटाची लांबी जपानमध्ये नियमाने ठरलेली आहे. ८० मीटर म्हणजे एक मिनिट, आणि वर उरलेले अंतर कितीही थोडे असले तरी ते पुरे मिनिट धरायचे. तेव्हा ७ मिनिटांवरचे घर स्टेशनपासून फार तर ५६० मीटरांवर असते. सिग्नलला थांबण्याचा वेळ यात धरलेला नाही, जिनेही नाहीत, पाऊस नाही. हे मिनिट हात मोकळे असलेल्या धडधाकट माणसाचे आहे. एका हातात तीन वर्षांच्या मुलाचे बोट आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असलेल्या बाईला तेवढ्याच रस्त्याला पंधरा मिनिटे लागतात, कारण मूल मध्येच बसकण मारते, मांजर बघते, उचलून घ्या म्हणते.

कुटुंबासाठी वस्ती निवडायची तर शहर या दुसऱ्या मिनिटाने मोजावे लागते. प्रत्यक्षात ते पहिल्याने मोजले जाते. पुण्याहून किंवा मुंबईहून तीन-चार वर्षांच्या नेमणुकीवर निघालेल्या घरात जागेचा शोध बहुधा नोकरीवर जाणारा माणूस घेतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो ऑफिस किती लांब. प्रश्न रास्त आहे. पण तो माणूस सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि परततो तेव्हा मुले झोपलेली असतात. त्याच्या वाट्याला वस्तीतली एक वाट येते, घर ते स्टेशन. बाकीची सगळी वस्ती, तिचे दिवस, तिचे रस्ते, तिची माणसे, ही मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येते.

तोक्यो हे एकच शहर आहे असे नकाशावर दिसते, तरी घर शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती २३ शहरे आहेत. महानगराची लोकसंख्या १ कोटी ४० लाखांच्या आसपास. तिच्या मध्यभागात २३ ‘कु’ आहेत, आणि प्रत्येक ‘कु’ आपल्याकडच्या महापालिकेसारखा: स्वतःचा निवडून आलेला महापौर, स्वतःची सभा, स्वतःचे शाळा-खाते. पाळणाघराचे नियम, लसीकरणाच्या चिठ्ठ्या, ग्रंथालये, मुलांची खेळघरे हे सारे तिथेच ठरते. एखादा रस्ता ओलांडला की ‘कु’ बदलतो आणि त्याबरोबर कुटुंबाला मिळणाऱ्या सोयीही बदलतात. मिनातोमध्ये परदेशी वकिलाती, मोठ्या कंपन्या आणि महागड्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. भाडे कंपनी भरत असेल तरच तिथला विचार करावा. पश्चिमेला सेतागायात शांत गल्ल्या आणि बैठी घरे आहेत. त्याच्याही वर, २३ ‘कुं’च्या हद्दीबाहेर, किचिजोजीला इनोकाशिरा बागेचे तळे आहे आणि त्या बागेपायी तिथे राहायला जपानी माणसेही धडपडतात. तोयोसूला समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर उंच मनोरे उभे राहिले आणि त्यांत तरुण जोडपी आली. भारतीय कुटुंबांची सर्वांत मोठी वस्ती मात्र यांपैकी कुठेच नाही. ती आहे शहराच्या पूर्व टोकाला, एदोगावा ‘कु’मध्ये, निशी-कासाई स्टेशनभोवती.

ही वस्ती तिथे का झाली याचे उत्तर आगगाडीच्या मार्गात आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संगणकांतल्या वाय-टू-के दोषाची दुरुस्ती करायला भारतीय अभियंते तोक्योत येऊ लागले. त्यांची कामे प्रामुख्याने बँका आणि वित्तसंस्थांत, म्हणजे ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या भागांत होती. ही तिन्ही स्टेशने तोझाई मार्गावर आहेत, आणि त्याच मार्गावर आराकावा नदी ओलांडली की पहिले स्टेशन निशी-कासाई. बदली नाही, जिने चढउतर नाही, ओतेमाचीपर्यंत पाव तासाचा प्रवास. जगमोहन चंद्राणी हे चहाचे व्यापारी १९७०च्या दशकाच्या शेवटी जपानला गेले आणि कासाईच्या बाजूला स्थिरावले होते. या तरुण अभियंत्यांना कोणी घर देत नाही हे पाहून त्यांनी घरमालकांशी बोलणी केली, शाकाहारी मुलांच्या जेवणाची सोय केली. पुढे मुले विवाहित झाली, बायका आल्या, बाळे झाली आणि ज्या जागी एकट्या माणसांच्या खोल्या होत्या तिथे कुटुंबांची वस्ती झाली. आज एदोगावात ५ हजारांहून अधिक भारतीय राहतात. वस्ती आधी आणि तिची कारणे नंतर, असे इथे घडले नाही. पण बायका-मुलांचा विचार सुरुवातीच्या कारणांत नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुलांना ही जागा मानवली हा पुष्कळसा योगायोग, आणि बराचसा त्या ‘कु’च्या जुन्या कामाचा परिणाम.

ज्या तोझाई मार्गामुळे ही वस्ती झाली तोच तिचे पहिले दुखणे आहे. जपानी रेल्वेच्या गर्दीचे मोजमाप टक्क्यांत होते. सगळी आसने, सगळे हातकडे आणि दाराजवळचे खांब भरले की १०० टक्के. २०० टक्क्यांचे सरकारी वर्णन असे: अंगाला अंग लागते, चांगलाच दाब जाणवतो, तरी साप्ताहिक कसेबसे वाचता येते. २०१९ साली तोझाई मार्गावर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी १९९ टक्के होती, साऱ्या तोक्यो परिसरात सर्वाधिक. महासाथीनंतर ती बरीच उतरली आहे. डोंबिवली-विरारच्या गाडीला लटकलेल्या माणसाला हा आकडा फारसा घाबरवणार नाही, आणि तो एकटाच जाणार असेल तर घाबरण्याचे कारणही नाही. मात्र बाळाला सकाळी दवाखान्यात न्यायचे असेल किंवा मोठ्या मुलाची शाळा ओतेमाचीच्या दिशेला असेल, तर साडेसात ते नऊ ही वेळ त्या कुटुंबाला बंद असते. म्हणून शाळा, बालरोगतज्ज्ञ आणि किराणा ही तीन ठिकाणे गाडीत न चढता गाठता आली पाहिजेत. जी वस्ती या तिन्हींसाठी गाडीत बसवते ती ऑफिसला कितीही जवळ असली तरी कुटुंबाची नव्हे.

घर मिळवण्याची वाट परदेशी माणसाला अजूनही सरळ नाही. न्याय मंत्रालयाने २०१७ साली परदेशी रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. आधीच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधले होते त्यांपैकी ३९ टक्क्यांहून अधिक लोकांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. नकार सौम्य शब्दांत येतो. दलाल फोन ठेवतो, मान लववून क्षमा मागतो आणि दुसऱ्या घराचा कागद पुढे करतो. होकार मिळाला तरी पैशाचा हिशेब वेगळाच असतो. ‘शिकिकिन’ ही अनामत, ती साफसफाईचा खर्च वजा करून परत मिळते. ‘रेइकिन’ मात्र मालकाला द्यायची आभाराची रक्कम, बहुतेकदा एका महिन्याच्या भाड्याएवढी, आणि ती परत मिळत नाही. वर दलाली, हमीदार कंपनीची फी, विमा, कुलूप बदलण्याचा खर्च. दोन वर्षांनी करार वाढवायचा तर पुन्हा एक रक्कम. हातात चावी येईपर्यंत चार-पाच महिन्यांचे भाडे संपते, आणि घर रिकामे असते: दिवे नाहीत, शेगडी नाही, कधी कधी पडद्याची दांडीही नाही.

या कोंडीतून सुटण्याचा मार्ग सार्वजनिक गृहसंस्थेने दिला. १९५५ साली स्थापन झालेल्या जपान गृहनिर्माण महामंडळाने युद्धानंतरच्या वाढत्या शहरांभोवती ‘दानची’ उभारल्या, म्हणजे एकसारख्या इमारतींच्या मोठ्या वसाहती. त्या आता यूआर या संस्थेकडे आहेत. यूआरच्या घराला रेइकिन नाही, दलाली नाही, कराराच्या नूतनीकरणाची रक्कम नाही आणि हमीदारही लागत नाही. दोन महिन्यांची अनामत आणि ठरलेल्या रकमेइतके मासिक उत्पन्न दाखवले की घर मिळते. मुदतीचा रहिवासी परवाना असलेल्या परदेशी माणसाला तेच नियम लागू आहेत. निशी-कासाई स्टेशनजवळच्या कोजिमा-चो दानचीत आणि शेजारच्या वसाहतींत भारतीय नावाच्या पाट्या दिसतात त्या या नियमांमुळे. शेजारच्या कोतो ‘कु’मधल्या ओजिमाच्या दानचीचीही तीच कथा. माणसे आपल्या माणसांजवळ राहायला गेली असे नंतर म्हटले गेले. खरे तर जिथे दार उघडले तिथे ती गेली.

दानचीतले घर लहान असते. खोलीचे माप ‘जो’मध्ये, म्हणजे तातामी चटयांत सांगतात, जाहिरातीसाठी एक जो किमान १.६२ चौरस मीटर धरायचा असा दंडक आहे. ६ जोंची खोली म्हणजे जेमतेम १०५ चौरस फूट. आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी येणार असतील तर घर बघतानाच गादी कुठे पडेल ते पाहून घ्यावे. बांधकामाच्या वर्षाकडेही नीट लक्ष द्यावे. भूकंपरोधक बांधकामाचे कडक नियम जून १९८१ पासून लागू झाले. त्याआधी परवानगी मिळालेली इमारत मजबूत करून घेतली आहे का, हे विचारण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि तो वापरावा. लाकडी ‘अपातो’ आणि काँक्रीटची ‘मानशोन’ असा फरक जपानी लोक करतात. मूल धावणारे असेल तर मानशोनच घ्यावी, आणि जमलेच तर तळमजला. खालच्या मजल्यावरून आलेली तक्रारीची चिठ्ठी फार विनयाने लिहिलेली असते आणि तिच्यामुळे घरातल्या मुलाचे बालपण दबक्या पावलांचे होते. परदेशात मुलांना जो पहिला नियम शिकावा लागतो तो भाषेचा नसतो, घरात उड्या न मारण्याचा असतो.

इमारतीखालच्या जमिनीचा प्रश्न एदोगावात टाळता येत नाही. हा ‘कु’ आराकावा आणि एदोगावा या दोन नद्यांच्या मधोमध, तोक्यो उपसागराच्या काठी आहे. आज दिसणारी रुंद आराकावा ही मुळात माणसाने खोदलेली नदी. १९१०च्या महापुरानंतर शहर वाचवायला तिचा नवा प्रवाह खोदायला घेतला आणि १९३० साली काम पुरे झाले. पुढे कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी इतके उपसले की जमीनच खचली. एदोगावाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीपेक्षा खाली आहे. २०१९ साली या ‘कु’ने आपल्या रहिवाशांना पुराचा नकाशा घरोघर दिला. त्याच्या मुखपृष्ठावर याच ‘कु’च्या चित्रावर बाणाने दाखवून ठळक अक्षरांत बजावले होते की इथे थांबून चालणार नाही. पूर आला तर पाणी दोन आठवडे आणि त्याहूनही जास्त काळ उतरणार नाही, म्हणून आधीच ‘कु’च्या बाहेर निघून जा, असा त्याचा मथितार्थ. आपल्याच रहिवाशांना इतके खरे सांगणारी नगरसंस्था विरळा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हागिबिस वादळ आले तेव्हा तिथल्या शाळांच्या व्यायामशाळा माणसांनी भरून गेल्या होत्या.

या माहितीने वस्ती बाद ठरते का? कुटुंबासाठी सुरक्षित जागा म्हणजे संकट येणारच नाही अशी जागा, हा समज भूकंपाच्या देशात टिकत नाही. ११ मार्च २०११ रोजी शेजारच्या उरायासू शहरात भरावाची जमीन पाण्यासारखी पातळ झाली, रस्त्यातून गाळ उसळला, विजेचे खांब कलले. त्या दुपारी तोक्योतल्या गाड्या थांबल्या, लाखो माणसे ऑफिसांतून चालत घरी निघाली, आणि कित्येक घरांत आया मुलांना घेऊन बंद पडलेल्या लिफ्टच्या इमारतींत एकट्या होत्या. त्या अनुभवातून घर निवडण्याचे दोन नियम काढता येतात. मजला असा घ्यावा की मुलाला कडेवर घेऊन जिना चढता येईल आणि पुराचे पाणीही घरात शिरणार नाही. तिसरा-चौथा मजला दोन्हीला चालतो. खालच्या मजल्याच्या चिठ्ठ्यांमुळे तळमजला घ्यावा हा वरचा सल्ला इथे मागे घ्यावा लागतो. एदोगावात पाणी आवाजापेक्षा मोठे आहे. दुसरा नियम असा की ज्या रात्री नवरा शहराच्या मध्यभागी अडकेल त्या रात्री दार ठोठावता येईल असे एक तरी घर त्याच जिन्यावर असावे. हे दुसरे कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते.

शाळेचा निर्णय घराच्या आधी व्हायला हवा, कारण सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. प्रत्येक इमारत कोणत्या शाळेच्या हद्दीत येते याचा तक्ता ‘कु’च्या कचेरीत मिळतो. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, पण पालकांनी अर्ज केला तर प्रवेश मिळतो आणि फी लागत नाही. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. सरकारी शाळेत गेलेले मूल वर्षभरात जपानी बोलू लागते आणि दोन वर्षांत आईची दुभाषी होते. दवाखान्यात, बँकेत आठ वर्षांची मुलगी आईच्या वतीने बोलताना दिसते आणि तिच्या चेहऱ्यावर वयापेक्षा जास्त गांभीर्य असते. दुसरी वाट भारतीय शाळांची. कोतोमध्ये २००४ साली आणि एदोगावात २००६ साली भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा सुरू झाल्या. तीन वर्षांनी परत जायचे ठरलेले असेल तर त्या वाटेला तोड नाही. राहण्याची मुदत माहीत नसेल, आणि बहुतेकांना ती माहीत नसते, तर लहान मुलाला सरकारी शाळेत घालणेच शहाणपणाचे. भारतीय शाळेतले मूल तोक्योत राहते. सरकारी शाळेतले मूल त्या वस्तीत राहते. दुपारच्या सामूहिक जेवणाचा प्रश्न शाकाहारी घरांना अवघड जातो, कारण रश्शात मासळीचा अर्क असतोच. काही शाळा घरचा डबा आणू देतात. हे प्रवेशाच्या आधी बोलून ठेवावे.

जपानी शाळेत पहिलीचे मूल स्वतःच्या पायांनी जाते. पिवळी टोपी, पाठीवर कडक चामड्याचे दप्तर आणि आईबाप सोबत नाहीत. मराठी आईला हे पहिल्या आठवड्यात पाहवत नाही. मग तिच्या लक्षात येते की मूल एकटे नाही. शाळेने रस्ता आखून दिलेला असतो आणि सगळी मुले त्याच रस्त्याने जातात. चौकात झेंडा घेऊन पालक किंवा निवृत्त माणसे उभी असतात. वाटेतल्या दुकानांवर, घरांच्या फाटकांवर एक चिकटपट्टी असते: ‘मुलांचे ११० क्रमांकाचे घर’. ११० हा पोलिसांचा क्रमांक. कोणी मागे लागले, काही दुखले, नुसती भीती वाटली तरी मुलाने त्या दारात शिरायचे आणि त्या घराने त्याला आत घ्यायचे. नाक्यावर ‘कोबान’, म्हणजे पोलिसांची छोटी चौकी. घर बघायला जाताना या चिकटपट्ट्या मोजाव्यात. कुटुंबाला मानवणाऱ्या वस्तीची व्याख्या करायची झाली तर ती त्या चिकटपट्टीवर आहे: परक्या मुलासाठी दार उघडण्याचे आधीच कबूल केलेली घरे जिथे दाट आहेत ती वस्ती.

शाळेत न जाणाऱ्या बाळाचा आणि त्याच्या आईचा दिवस मात्र लांबच लांब असतो. नोकरीवर आलेल्या माणसाची पत्नी आश्रित परवान्यावर येते. वेगळी परवानगी काढली तर तिला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. पुण्यात स्वतःचे टेबल, स्वतःची फाईल, स्वतःची स्कूटर असलेली बाई इथे कुणाची तरी ‘कुटुंबीय’ म्हणून कागदावर येते. सरकारमान्य पाळणाघर, ‘होइकुएन’, दोन्ही पालक कामावर असतील तर प्राधान्याने मिळते. काम शोधायला मोकळा वेळ हवा आणि मोकळ्या वेळासाठी पाळणाघर हवे, अशा फेऱ्यात ती सापडते. ऑफिस किती लांब, या प्रश्नाच्या यादीत हे कुठेच नसते. एदोगावाने पूर्वीपासून ‘होइकू मामा’ची पद्धत ठेवली आहे: अनुभवी बायका आपल्याच घरात तान्ही बाळे सांभाळतात आणि ‘कु’ त्यांना मान्यता देतो. ‘कु’च्या सर्व प्राथमिक शाळांत सुटीनंतर मुलांना थांबता येते. तान्ह्या बाळांना घेऊन नुसते बसायला, खेळवायला मोफत खोल्या आहेत, आणि तिथे बसलेल्या जपानी आयाही तितक्याच एकट्या असतात. पहिली ओळख बहुधा तिथेच होते, बाळांच्या वयावरून.

घराबाहेरची मोकळी जागा या भागाची खरी श्रीमंती. जमीन सपाट आहे. पुढे-मागे मुलांच्या खुर्च्या लावलेली सायकल हे इथल्या आईचे वाहन, आणि एकट्या कासाई स्टेशनच्या पोटात ९ हजारांहून अधिक सायकली मावणारा तळ आहे. १९७३ साली एदोगावाने सांडपाण्याने भरलेला फुरुकावा हा नाला साफ करून त्यात स्वच्छ पाणी खेळवले आणि काठाने झाडे लावली. मुलांनी पाण्यात उतरावे म्हणून केलेली अशी बाग जपानमध्ये ही पहिली. उन्हाळ्यात तिथे घोटाभर पाण्यात मुले बसलेली असतात. निशी-कासाईच्या ग्योसेन बागेत छोटे प्राणिसंग्रहालय आहे, तिथे लाल पांडा आणि पेंग्विन आहेत आणि तिकीट नाही. कासाई स्टेशनजवळ रुळांच्या पुलाखाली भुयारी रेल्वेचे संग्रहालय आहे. समुद्रकाठी १९८९ साली कासाई रिंकाई बाग झाली. मूल घेऊन दररोज जाण्यासारखी आणि पैसे न लागणारी जागा घराजवळ असणे ही चैन नव्हे. पावसाळी मंगळवारी दुपारी तीन वाजता १०५ चौरस फुटांच्या खोलीत दोन मुलांसोबत बसलेल्या बाईला तिची किंमत विचारावी.

आपल्या माणसांत राहावे की दूर, हा वाद प्रत्येक घरात होतो. निशी-कासाईत तूरडाळ, पोहे, हिंग, गव्हाचे पीठ पायी जाऊन आणता येते. शरद ऋतूत दिवाळीचा मेळा भरतो, तोक्यो मराठी मंडळाचा गणपती असतो, फुनाबोरीला कृष्णाचे मंदिर आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन रात्री कोणत्या दवाखान्यात जायचे हे मराठीत विचारता येते. या आधाराला कमी लेखणारी माणसे बहुधा स्वतः दिवसभर घरी बसलेली नसतात. तरी त्याची किंमतही आहेच. बागेत एका बाकावर भारतीय आया, दुसऱ्यावर जपानी, आणि मध्ये घसरगुंडी. चार वर्षे राहून दुकानात पिशवी नको एवढेच जपानीत सांगता येणाऱ्या बायका तिथे आहेत, आणि दोष त्यांचा नाही. तशी वेळच त्यांच्यावर कधी आली नाही. शेजारीही दुखावतात: चुकीच्या दिवशी टाकलेला कचरा, रात्री दहाला गॅलरीतला फोन, जिन्यात दरवळणारी फोडणी. महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक वर्षानुवर्षे याच वस्तीत राहिले, जपानी नागरिक झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये एदोगावाच्या सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे नागरिक. दोन बाकांमधल्या अंतराचे काम कोणीतरी अंगावर घेतले याची ती खूण.

यात मधली वाट चांगली. भारतीय दुकानापर्यंत सायकलने दहा मिनिटे आणि जिन्यावर बहुतेक शेजारी जपानी, अशी जागा फुनाबोरीत, कासाईत, ओजिमाच्या कडेला मिळते. आधार हाकेच्या अंतरावर राहतो आणि रोजचे नमस्कार मात्र जपानीत करावे लागतात.

करारावर सही करण्यापूर्वी वस्ती चारदा पाहावी, आणि त्यातला निदान एक फेरा दिवसभर घरी राहणाऱ्या व्यक्तीने एकटीने करावा. नवरा आधी गेला असेल आणि बायको-मुले मागून येणार असतील, तर पहिले तीन महिने तात्पुरत्या जागेत काढून घराचा निर्णय तिच्या येण्यापर्यंत थांबवावा. त्यासाठी होणारा खर्च वाया जात नाही. सकाळी आठला शाळेच्या रस्त्यावर उभे राहावे. अकराला बागेत जावे, तेव्हा कोण असते ते कळते. दुपारी तीननंतर मुले सुटतात. ती रस्त्यावर रेंगाळतात की थेट क्लासला पळतात ते पाहावे. एकदा पावसात, बाबागाडी ढकलत, स्टेशनपासून घरापर्यंत चालावे आणि घड्याळ लावावे. कचऱ्याच्या जागेवर टांगलेला फलक वाचून घ्यावा, कारण ज्या वस्तीत तो नीट लिहिलेला आणि नीट पाळलेला असतो तिथे रहिवासी संघ जिवंत असतो.

घर बदलले की १४ दिवसांत ‘कु’च्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. तिथेच कचऱ्याचे वेळापत्रक, पुराचा नकाशा, मुलांच्या दवाखान्याचे कार्ड आणि शाळेचा अर्ज मिळतो. जपानीत संकोच वाटत असेल तर सोबत कोणी न्यावे. त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या घरी मुलांना घेऊन जावे. हातात छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा असावा, नाव सांगावे, मुलांच्या आवाजाचा त्रास होईल त्याबद्दल आधीच क्षमा मागावी. खालच्या मजल्याची चिठ्ठी मग बहुधा येत नाही.

संध्याकाळी पाच वाजता, हिवाळ्यात थोडे आधी, खांबांवरच्या कर्ण्यांतून सगळ्या वस्तीवर एक जुनी, संथ बालगीताची धून वाजते. बऱ्याच ठिकाणी ती ‘युयाके कोयाके’ची असते. मुलांनी खेळ आवरून घरी निघायचे, असा तिचा अर्थ. हे कर्णे भूकंपाची आणि पुराची सूचना देण्यासाठी बसवलेले आहेत आणि रोजची धून म्हणजे ते चालू असल्याची चाचणीही असते. धून वाजली की घसरगुंडीवरची मुले उतरतात, सायकली उचलतात, एकमेकांना उद्याचे सांगतात आणि आपापल्या जिन्याकडे वळतात; नव्याने आलेले मराठी मूलही दोन-तीन आठवड्यांत, कोणी हाक न मारता, त्यांच्यामागून निघते.